लाकडी मासा, रेझिनचा थर आणि गुणोत्तराचा धडा



माझ्या वर्गाच्या खिडकीत तारेला पाच लाकडी मासे टांगलेले आहेत. लांबून छान चकाकतात. जवळ जाऊन हात लावला, की बोट चिकटतं. अंगावर धूळ बसलीय, एकाच्या पाठीवर केस अडकलाय, एकाच्या शेपटीला चिलट. पाहुणे विचारतात, "सर, हे खराब झालेले मासे कशाला ठेवलेत?" त्याचं उत्तर या लेखात आहे. गळाला लावायचा लाकडी मासा घरी कसा करायचा आणि त्यावर एपॉक्सी रेझिनचा काचेसारखा गुळगुळीत थर कसा द्यायचा, हे तर सांगणारच आहे. पण त्यातून सहावी-सातवीच्या मुलांना गुणोत्तर कसं कळलं, आणि आधी मला कसं कळलं, तेही सांगायचं आहे.

हा उपक्रम का निवडला?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. धरणाच्या फुगवट्यालगतच्या गावांत मासेमारीवर कितीतरी घरं चालतात. आमच्या वर्गात जाळी विणणाऱ्या घरातली मुलं आहेत, तशी वारीला जाणाऱ्या माळकरी घरातलीही आहेत. कटला, रोहू, चिलापी, मरळ ही नावं काही मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ असतात.

मरळ हा शिकारी मासा. हलणारं भक्ष्य दिसलं की झडप घालतो. आपल्याकडे त्याच्यासाठी गळाला बेडूक किंवा छोटी मासळी लावतात. जगभर हौशी गळकरी त्याऐवजी लाकडाचा नकली मासा लावतात. त्याला ल्युअर म्हणतात. दोरी झटके देत ओढली की तो जखमी मासळीसारखा डावी-उजवीकडे पळतो. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि जिवंत बेडूक लागत नाही.

माळकरी घरातल्या एका पालकांनी स्पष्ट विचारलं, "सर, शाळेत मासे मारायला शिकवणार का?" त्यांचा प्रश्न योग्य होता. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं, की शाळेत मासा होईल, पण त्याला गळ लागणार नाही. मुलं तो बादलीत तरंगवतील, ओढून बघतील, शेवटी घरी नेतील. पुढे त्याचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवावं. या एका निर्णयामुळे सगळा वर्ग सोबत राहिला. तुम्हीही हा उपक्रम घेणार असाल तर पालकांशी आधी बोला.

लाकडाला थर लागतोच कशाला?

लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकलं की आकसतं. या फुगण्या-आकसण्यात वरचा रंग तडकतो. एकदा तडा गेला की पाणी आत शिरतं, मासा जड होतो आणि त्याची चाल बिघडते. म्हणून ल्युअर बनवणाऱ्या प्रत्येकापुढे पहिला प्रश्न हाच असतो, की याला झाकायचं कशानं?

फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराची गोष्ट मुलांना फार आवडली. त्याने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून मासा कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली आणि वरून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. घरात जे होतं त्यातून त्याने चकाकी आणि पाण्यापासून संरक्षण दोन्ही मिळवलं. पुढे त्याच नावाची कंपनी जगभर पोचली.

आपल्याकडे लाकडाला चकाकी देण्याची जुनी वस्तू म्हणजे लाख. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची लाखकामाची चकाकी सगळ्यांना माहीत आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढा भागातून जातात. त्या वाद्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश चढतं. पण चपडा पाण्यात राहिला की पांढरट पडतो. तंबोऱ्याला ते चालतं, कारण तंबोरा कोणी तळ्यात टाकत नाही. माशाला चालत नाही. तिथे एपॉक्सी लागतं.

एपॉक्सी म्हणजे काय?

नाव परकं वाटलं तरी वस्तू घरातली आहे. अरालडाइटच्या दोन ट्यूब आठवा. एक रेझिन, दुसरी हार्डनर. दोन्ही सारख्या घेऊन कालवायच्या आणि चिकटवायचं. तेच हे एपॉक्सी. अरालडाइट हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून बाजारात आलं. हल्ली लग्नातली वरमाला जपून ठेवायला किंवा नावाच्या पाट्या करायला जे पारदर्शक रेझिन वापरतात, तेही एपॉक्सीच. माशाला हेच पातळ, पारदर्शक रेझिन घ्यायचं. पाच मिनिटांत घट्ट होणारा डिंकासारखा प्रकार नको. तो पसरायच्या आत गोठतो.

इथे मुलांना एक फरक नीट समजावा. पोस्टर कलर वाळतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. एपॉक्सी वाळत नाही, ते घट्ट होतं. त्यातून काही उडून जात नाही. रेझिनचे रेणू आणि हार्डनरचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि जाळं विणत जातात. मुलांना मी असं सांगितलं, की फुगडीला जोड्या लावायच्या आहेत. एका बाजूला मुलं जास्त झाली तर काहीजण जोडीदाराशिवाय उभे राहणार. रेझिन जास्त झालं तर रेझिन उरतं, हार्डनर जास्त झालं तर हार्डनर उरतो. जे उरतं ते चिकट राहतं, आणि कितीही दिवस थांबलं तरी चिकटच राहतं.

माझी चूक

आता खिडकीतल्या माशांकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा हा उपक्रम घेतला. मुलांनी दोन आठवडे घासून पाच मासे तयार केले, रंगवले. थर द्यायचा दिवस शनिवार. सकाळची शाळा, सुटायला तासभर उरलेला. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, रेझिन २ भाग, हार्डनर १ भाग. मी कपात रेझिन रेघेपर्यंत मोजून घेतलं आणि हार्डनर बाटलीतूनच ओतला, अंदाजाने. वर म्हणालो, "जरा जास्त पडला तर बरंच, लवकर वाळेल."

रविवार गेला. सोमवारी मासे ओले. बुधवारी चिकट. शुक्रवारीही चिकट. मी म्हटलं, हवा दमट असेल. सोलापुरात, मार्च महिन्यात! तेव्हा वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणता की गुणोत्तराला दोन्ही संख्या लागतात. तुम्ही तर एकच मोजलीत."

वर्ग शांत झाला. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिने फक्त बघितलेलं सांगितलं. फळ्यावर आदल्या आठवड्यातली माझीच उदाहरणं होती, २ : १, ३ : २, अतिसंक्षिप्त रूप वगैरे. सगळी बरोबर सुटलेली. आणि खरोखर गुणोत्तर वापरायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी अंदाजपंचे ओतलं होतं. मुलांची दोन आठवड्यांची मेहनत माझ्या घाईने वाया गेली. मी वर्गासमोर तसं कबूल केलं. ते पाच मासे तेव्हापासून खिडकीत आहेत. दरवर्षी गुणोत्तराचा पाठ मी त्यांच्यापासून सुरू करतो.

चिकट थरावर नुसता हार्डनर चोपडून काही सुधारत नाही. तो थर खरवडून काढायचा, स्पिरिटने पुसायचा आणि योग्य मापाचा नवा थर द्यायचा, एवढाच उपाय. आम्ही ते न करता नवे मासे केले. आता बरोबर पद्धत बघू.

मासा तयार करणे

साहित्य: पाइनच्या खोक्याची फळी किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड, काचपेपर (८०, १५०, ३२० नंबर), छोटे डोळ्याचे स्क्रू, पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग.

सुताराकडचे सागाचे तुकडे फुकट मिळतात, पण साग तेलकट असतो, त्यावर थर नीट धरत नाही. फळीवर साधारण ९ सेंमी लांब, २ सेंमी जाड मासा आखा. कापण्याचं काम मोठ्यांनी करावं, घासण्याचं मुलांनी. सगळ्या कडा गोल करा. धारदार कडेवरून रेझिन मागे सरकतं आणि नेमक्या तिथेच थर पातळ राहतो. नाकाला आणि शेपटीला एकेक डोळ्याचा स्क्रू बसवा. मासा सरळ तरंगावा म्हणून पोटात छोटं भोक पाडून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे बसवा. जाळ्याला असतात त्या शिशाच्या गोळ्या मुलांच्या हातात देऊ नका, शिसं विषारी आहे.

रंग पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस. आत ओल राहिली तर थर ढगाळ दिसतो. डोळे मार्करने काढले असतील तर सावध राहा. आमच्या एका माशाचे डोळे रेझिनमध्ये विरघळून गालावर ओघळले होते. रंगानेच ठिपके द्यावेत.

मोजमाप: इथेच खरा गणिताचा तास

आधी किती रेझिन लागेल ते मुलांकडून काढून घ्या. माशाचं पृष्ठफळ साधारण ४५ चौ. सेंमी आणि थराची जाडी एक तृतीयांश मिलिमीटर धरली, तर दीड मिली होतं. ब्रशला आणि कपाला चिकटणारं धरून एका माशाला दोन मिली. पाच माशांना दहा, हाताशी थोडं जास्त म्हणून बारा. गुणोत्तर २ : १ असेल तर ८ मिली रेझिन आणि ४ मिली हार्डनर. मेडिकलमधून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणा. एक रेझिनची, दुसरी हार्डनरची. त्यांची अदलाबदल करायची नाही.

आता मुलांना विचारा, "सिरिंज नाही, वजनकाटा आहे. ८ ग्रॅम आणि ४ ग्रॅम घेतलं तर चालेल का?" बहुतेक मुलं हो म्हणतात. मीही म्हणालो असतो. पण बाटलीवरचं माप आकारमानाचं आहे की वजनाचं, हे आधी बघावं लागतं. समजा रेझिनची घनता १.१५ आहे आणि हार्डनरची ०.९७. मग २ मिली रेझिनचं वजन २.३० ग्रॅम आणि १ मिली हार्डनरचं ०.९७ ग्रॅम. म्हणजे वजनाने गुणोत्तर १०० : ५० नाही, सुमारे १०० : ४२ झालं. वजनाने निम्मा हार्डनर घातला तर तो जास्त होतो.

हे पटवायला रेझिन वाया घालवू नका. सिरिंजने १० मिली पाणी आणि १० मिली करडईचं तेल घेऊन वेगवेगळं तोला. पाणी १० ग्रॅम, तेल सव्वानऊच्या आसपास. माप सारखं, वजन वेगळं. एवढं बघितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

काट्याचीही परीक्षा घ्या. किराणा दुकानातला काटा पूर्ण ग्रॅम दाखवतो. आपल्याला ४.२ ग्रॅम हार्डनर हवा आहे आणि काट्यावर ४ दिसतंय. खरं वजन साडेतीन ते साडेचार, कुठेही असू शकतं. साडेतीन असेल तर ०.७ ग्रॅम कमी, म्हणजे सहावा भाग गायब. म्हणून थोड्या मापाला सिरिंजच बरी.

थर देण्याची कृती

१. माशाला हात न लावता तो दोन्ही स्क्रूंच्या तारेने धरा. स्पिरिटच्या फडक्याने पुसा.

२. कपात आधी रेझिन, मग हार्डनर. आइस्क्रीमच्या काडीने सावकाश तीन मिनिटं ढवळा. फेटू नका, बुडबुडे शिरतात. कपाच्या कडा आणि तळ काडीने खरवडत राहा.

३. मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं. तेच माशावर गेलं तर मासा ठिकठिकाणी चिकट राहतो.

४. पहिला थर अगदी पातळ. हा लाकडाची छिद्रं बंद करायला असतो, चकाकीसाठी नाही. मऊ ब्रशने चोळून लावा.

५. पहिला थर घट्ट झाला पण बोटाला किंचित चिकटतोय, अशा वेळी दुसरा थर दिला तर दोन्ही एकजीव होतात. ती वेळ साधारण चार-सहा तासांनी येते, उन्हाळ्यात आणखी लवकर. ती हुकली तर दुसऱ्या दिवशी ३२० नंबरच्या काचपेपरने पाणी लावून हलकं घासा, पुसा, वाळवा आणि मग दुसरा थर द्या.

६. दुसरा थर दिल्यावर मासा फिरवत राहा. थांबलात की रेझिन पोटाशी गोळा होऊन थेंब लोंबतो.

फिरवण्यासाठी कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर चांगली. ती मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते आणि स्वस्त मिळते. एकदा डावीकडे सुरू होते, एकदा उजवीकडे. मुलांना त्याचं फार हसू येतं. पण ती घरच्या विजेवर चालते, म्हणून जोडणी मोठ्यांनीच करावी. आमच्या शाळेत वीज केव्हाही जाते, त्यामुळे आम्ही हातानेच फिरवतो. दोन खुंट्यांवर तार ठेवायची, घड्याळ बघायचं आणि दर मिनिटाला अर्धा फेरा. पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावायच्या. ओघळ थांबेपर्यंत कोणीही जागा सोडायची नाही. एरवी पाच मिनिटं जागेवर न बसणारा एक मुलगा त्या दिवशी स्वतःची पाळी संपल्यावरही उभा राहिला, दुसऱ्याचं मोजणं चुकू नये म्हणून.

७. चोवीस तासांनी हात लावा. पाण्यात मात्र सात दिवसांनीच टाका. वरून कडक लागलं तरी आतलं जाळं अजून विणलं जात असतं.

सोलापूरचं ऊन आणि रेझिन

रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता बाहेर पडते, आणि बाहेरची हवा गरम असेल तर ही क्रिया आणखी वेगाने होते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट. बाटलीवर २५ अंशाला ४० मिनिटं लिहिली असतील, तर ३५ अंशाला वीस आणि ४५ अंशाला दहाच उरतात. आपल्या मे महिन्यात दुपारी हे काम करूच नये.

दुसरी गोष्ट, जास्त मिश्रण एकाच कपात भरून ठेवू नका. पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते, कपातल्या गोळ्यातली आतच कोंडते. मी घरी एकदा अर्धा कप मिश्रण तसंच ठेवून फोनवर बोलत बसलो. परत येऊन बघतो तर कप वाकलेला आणि वर धूर. हे वर्गात झालं असतं तर? तेव्हापासून एका वेळी बारा मिलीपेक्षा जास्त कालवत नाही, आणि उरलेलं जुन्या पत्र्याच्या ताटलीत पातळ पसरून ठेवतो.

बुडबुड्यांचं कारणही तापमानातच आहे. लाकडात हवा असते. सकाळी लाकूड तापत जातं तशी ती हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे सोडते. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, तेव्हा हवा आत ओढली जाते. म्हणून पहिला पातळ थर मी शाळा सुटल्यावर संध्याकाळी देतो. छिद्रं बंद झाली की दुसरा जाड थर सकाळच्या गारव्यात मुलांसमोर देता येतो. तरी बुडबुडे आलेच तर हेअर ड्रायरची गरम हवा लांबून दोन-तीन सेकंद फिरवा, ते फुटतात.

कुठे बिघडलं, का बिघडलं?

थराला गोल खड्डे पडले, रेझिन बाजूला सरकलं: खाली तेलाचा डाग आहे. आमच्याकडे हे मधल्या सुट्टीनंतर झालं. डब्यात शेंगाचटणी, डोक्याला खोबरेल आणि तीच बोटं माशाला! तेव्हापासून "आधी साबण, मग मासा" ही पाटी लावली.

सगळा थर चिकट: प्रमाण चुकलं.

ठिकठिकाणी चिकट: ढवळणं कमी पडलं.

पोटाला थेंब: फिरवणं लवकर थांबवलं किंवा थर जाड झाला. पूर्ण घट्ट झाल्यावर पाणी लावून घासा, पातळ थर पुन्हा द्या.

वर मेणचट पांढरी साय: पावसाळी दमट हवेत येते. कोमट पाण्याने चोळून धुवा, मगच पुढचा थर.

थर पिवळा पडला: ऊन लागलं. मासे सावलीत ठेवा.

एकेक दोष म्हणजे एकेक प्रश्न. मुलांना कारण सांगून टाकू नका. बिघडलेला मासा हातात द्या आणि विचारा, "याच्या बाबतीत काय झालं असेल?" आमच्या वर्गात खड्ड्यांचं कारण मुलांनीच शोधलं, खड्डे बोटांच्या ठशाएवढे आहेत हे बघून.

पाण्याची परीक्षा

एकाच फळीचे चार सारखे तुकडे घ्या. एक कोरा, एक पोस्टर कलरचा, एक चपड्याचा, एक एपॉक्सीचा. चौघांचं वजन लिहा, चोवीस तास बादलीत बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. कोरा तुकडा सगळ्यात जड होतो. पोस्टर कलर बादलीतच उतरतो. चपडा पांढरट पडतो. एपॉक्सीचा काटा जवळपास हलत नाही. आमच्या एका एपॉक्सीच्या तुकड्याचं वजन मात्र वाढलं. मुलांनी भिंग लावून बघितलं, तर स्क्रूच्या भोकाशी थर पोचलेलाच नव्हता. पाण्याने नेमकी तीच जागा शोधली. स्क्रू बसवताना भोकात रेझिनचा थेंब सोडायचा, हे आम्ही तिथे शिकलो.

मुलांचं काम कोणतं, आपलं कोणतं?

हा भाग कृपया वगळू नका. घट्ट झालेलं एपॉक्सी निरुपद्रवी आहे, ओलं नाही. ओलं रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झालेली ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. म्हणून ओतणं, ढवळणं, ब्रश लावणं फक्त मोठ्यांनी, नायट्राइलचे हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. अंगाला लागलं तर साबण-पाण्याने धुवा. थिनरने पुसू नका, त्याने ते आणखी आत जातं. थर घासायचा असेल तर पूर्ण घट्ट झाल्यावर आणि पाणी लावूनच, म्हणजे धूळ उडत नाही. उरलेलं मिश्रण घट्ट झाल्यावरच कचऱ्यात टाका, मोरीत किंवा तळ्यात कधीच नाही.

मग मुलांना काय उरतं? आखणं, घासणं, रंगवणं, हिशोब करणं, सिरिंजवरचा आकडा लांबून वाचून मोठ्याने सांगणं, घड्याळ धरणं, तारेच्या टोकाला धरून मासा फिरवणं, दोष शोधणं. सरावासाठी मुलांना दोन रंगांचं पाणी द्या आणि २ : १ मोजायला लावा. आमच्याकडे आता नियम आहे, की मी ओतण्याआधी दोन मुलांनी दोन्ही सिरिंज वाचायच्या आणि "बरोबर" म्हणायचं. दोघांचं एकमत झाल्याशिवाय सरांना परवानगी नाही.

पालकांसाठी थोडं

घरी गळ लावणार असाल तर ते काम स्वतः करा, मुलं जवळ नसताना. तळ्यात टाकण्याआधी मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्या संस्थेला विचारा. दोरी तुटली तर हा मासा वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहतो, म्हणून दोरी मजबूत घ्या.

एका विद्यार्थ्याचे वडील उजनीत मासे धरतात. त्यांनी आमचा मासा हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "चकाकी झ्याक आहे सर, पण मरळ चकाकीला नाही, चालीला फसतो." त्यांनी बादलीत तो ओढून दाखवला, छर्रे थोडे मागे सरकवायला सांगितले. तसं केल्यावर मासा खरोखर वळवळायला लागला. त्या दिवशी वर्गाचे गुरुजी ते होते. तुमच्या गावात असे जाणकार असतील तर त्यांना जरूर बोलवा.

वर्गात विचारायचे प्रश्न

१. ३ : १ चं रेझिन असेल तर १२ मिली मिश्रणात हार्डनर किती?

२. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर काय होईल? का?

३. रंग वाळणं आणि रेझिन घट्ट होणं यात फरक काय?

४. तेच मिश्रण कपात ठेवलं तर तापतं, ताटलीत पसरलं तर तापत नाही. असं का?

५. घरात आणखी कुठे कुठे प्रमाण चुकलं की वस्तू बिघडते?

पाचव्या प्रश्नाला मुलांनी दही, सिमेंट, फवारणीचं औषध, बाळाच्या दुधाची पावडर अशी उत्तरं दिली. फवारणीचं औषध सांगणारा मुलगा शेतकऱ्याचा. तो म्हणाला, "आम्ही टोपणाने अंदाजेच घालतो." संध्याकाळी तो शाळेतली जुनी सिरिंज मागायला आला. रेझिनची होती, म्हणून ती दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला नवीन आणून दिली, आणि ती फक्त औषधासाठी ठेवायची, मोजण्याचं काम वडिलांनीच करायचं, हेही सांगितलं.

या वर्षीचे मासे चांगले झालेत. हात लावला तर काचेसारखे लागतात, खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. पण ते मुलं घरी घेऊन जातात. वर्गात राहतात ते जुने चिकट पाचच. ते काढून टाकायचा विचार नाही. नवीन वर्ग आला की पहिला प्रश्न तोच येतो, "सर, हे असे का?" आणि मी खरं काय ते सांगतो.

करून बघा. आधी एकच मासा करा, पण दोन्ही मोजा.